थर्ड शिफ्ट

सातपूरच्या कंपनीचे पांढरे शर्ट तीन होते.
दोन फरशी पुसायला गेले.
तिसरा प्रणालीने कपाटातून काढला,
उजेडात धरला, कॉलर चोळून पाहिली.
बाबा, हा पूर्ण कॉटन आहे ना?
पूर्ण कशाचीच खात्री देत नाही मी, म्हटलं.
एकवीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो.

तिने शिवणीच्या आतला एक धागा ओढून काडीवर धरला.
राख झाली, गोळी झाली नाही.
चालेल, म्हणाली.

कोमट पाणी, धुण्याचा सोडा, जुनी बादली.
(ही परत स्वयंपाकघरात दिसली तर बघा, शोभना.)
शर्ट बुडाला आणि बगलेत हवा धरून
पुन्हा वर आला, पोट फुगवून.
लाटण्याने दाबून ठेवला वीस मिनिटं.
लाटण्याचं शोभनाला सांगितलेलं नाही.

मग गॅलरीत, प्लास्टिकच्या गोणीवर पसरून
तिने दोन बोटांची चिमूट धरली
तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मध्ये.
मी टेप आणायला उठलो.
बसा हो. अंदाजाने.
आमच्या खात्यात हा शब्द शिवी होता.

चिमूट फिरत गेली, चकली पडावी तशी,
फक्त इथे कापडच सोऱ्या आणि कापडच पीठ.
सुरकुत्या एकमेकींच्या मागे लागल्या,
शेवटी बाह्याही आत ओढल्या गेल्या,
भाकरीएवढा, पण जाड, ओला गोळा.
पिंपळगावच्या पॅकिंग हाऊसमध्ये मेहुणी असते,
तिच्याकडची द्राक्षांची रबरं:
तीन ताणून बसवली, सहा फोडी झाल्या.

रंग सॉसच्या बाटल्यांत.
पिवळा, मोरपंखी, जांभळा.
पिवळ्याशेजारी जांभळा नको, बाबा, चिखल होतो.
मी मान हलवली
आणि नेमका तिथेच हात घसरला.

नऊ वर्षांचा असताना मामाने
तिवंध्याच्या रहाडीत ढकललं होतं.
नाकातोंडात रंग, एकच, सगळ्यांना तोच,
आठ दिवस कानामागून गेला नाही.
आई खोबरेल लावून घासायची आणि हसायची.
इथे थेंब थेंब मोजून.
पण बोटं तशीच झाली,
नखांच्या कडा आधी.

आता आठ तास हात लावायचा नाही.
आठ तास म्हणजे एक शिफ्ट.
रात्री दहाला गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळला,
मोरीच्या कट्ट्यावर ठेवला.
शर्ट थर्ड शिफ्टला गेला.

ह्याच शर्टात मी किती केल्या, हिशेब नाही.
सहाला गेटबाहेर पडायचो,
अंगाला कटिंग ऑइलचा वास,
हातात चहाचा ग्लास, आणि जिभेला चव नाही.
शेवटच्या आठवड्यात मशिनं ट्रकवर चढताना
कोणीतरी सवयीने फडकं मारलं त्यांच्यावर.
मीच असेन.

रात्री दोनदा उठलो.
दुसऱ्यांदा उठलो तेव्हा ती आधीच तिथे बसली होती,
मोबाईलचा उजेड गोळ्यावर धरून.
दोघंही काही बोललो नाही.

आमच्याकडे पाणी साडेसहाला येतं, सव्वासातला जातं.
रबरं तशीच ठेवून नळाखाली धरला.
आधी काळपट गेलं, मग हिरवं,
मग बराच वेळ जांभळं, जांभळं.
नळ सूं करून थांबला
तेव्हा पाणी अजून नितळ झालं नव्हतं.
उरलेलं काम पिंपातल्या पाण्यावर.

कात्रीने रबरं तोडली. उलगडला.

भोवरा मधोमध नव्हता.
सरकत सरकत डाव्या खिशावर गेला होता,
आणि खिशावर कंपनीचं नाव, भरतकामातलं.
तो दोरा पॉलिस्टरचा. रंग धरला नाही.
पिवळं, मोरपंखी आणि माझा तो चिखल
गरगरत नावापर्यंत आलेले,
आणि अक्षरं जशीच्या तशी पांढरी.

उसवून टाकू? ब्लेड आहे माझ्याकडे.

मी ड्रॉवरमधून व्हर्नियर काढला.
मावेना, म्हणून पट्टी घेतली.
एक्केचाळीस मिलिमीटर बाहेर, म्हणालो.
मग? रिजेक्ट?

समोरच्या गॅलरीतून खैरनार वहिनींनी हाक मारली,
अय्या, कोणाचा हो हा?

ओला आहे अजून, म्हटलं मी,
आणि खांद्यांना चिमटे लावले.